«तोंड माझंच हाय, पर कान कुणाचं?»

मागच्या महिन्यात या सदरात कोळशानं चेहरा कसा काढावा याबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी विचारलं होतं, तुम्हाला कुणाचा चेहरा काढावासा वाटतो? आई, आजोबा, नटनट्या अशी उत्तरं येतील असं धरून चालले होते. पण निम्म्याहून अधिक पत्रं निघाली खेळाडूंची. पैलवान, धावपटू, क्रिकेटवाले. पत्रांसोबत चित्रांचे फोटोही आले आहेत, त्यातलं एकेक मी सावकाश पाहिलं. म्हणून हा महिना खेळाडूंचा. जागेपुरती सहा पत्रं घेते.

कराड तालुक्यातून एक वाचक, वय २४ : आमच्या तालमीच्या भिंतीसाठी खाशाबा जाधवांचं मोठं चित्र काढतोय. फोटो मिळतात ते जुने, पुसट. मोबाइलवर मोठा केला की नुसते चौकोन दिसतात. चौकटी आखून काढलं, मापं बरोबर येतात, तरी बघणारा विचारतो, हा कोण? चार कागद वाया गेले.

वाया गेलेले नाहीत. चारही कागद शेजारी शेजारी भिंतीला लाव आणि दहा पावलं मागे जाऊन बघ. तू पाठवलेल्या दोन चित्रांत मला एकच गोष्ट दिसली. तू डोळ्यांपासून सुरुवात केलीस, डोळ्यांवर सगळा जीव ओतलास, पापण्या एकेक मोजल्यास, आणि मान शेवटी उरलेल्या जागेत बसवलीस. मान बारीक झाली. पैलवानाची मान बारीक झाली की खालचा माणूस गेला, वर नुसता चेहरा राहिला. पैलवानाच्या मानेची रेष जबड्याच्या आत जात नाही, ती कानाखालून जवळजवळ सरळ उतरते आणि खांद्याकडे उतार घेते. तो उतार आधी काढ. डोकं त्यावर किती अंशात ठेवलंय ते बघ. मग डोळे.

फोटो पुसट आहे याचं वाईट वाटून घेऊ नकोस. स्वच्छ फोटोत माणूस पापण्यांच्या मागे लागतो. पुसट फोटोत काळ्या-पांढऱ्याचे मोठे मोठे पट्टेच उरतात, आणि ओळख पटते ती त्यांच्यावरूनच. ओळखीचा माणूस पन्नास फुटांवरून येताना तुला कळतो ना? तेव्हा तुला त्याच्या पापण्या दिसत नसतात. फोटो मोबाइलवर बघू नकोस, स्टुडिओतून हाताएवढा छापून घे. झेरॉक्स नको, तिच्यात मधल्या छटा काळ्या होऊन जातात. मग डोळे किलकिले करून तीनच छटा शोध : उजेड, सावली आणि दोन्हींच्या मधली. विलोच्या लाकडापासून केलेल्या कोळशाची कांडी आडवी धरून फक्त ह्या तीन छटा मोठ्या कागदावर भर. डोळा नाही, नाक नाही, ओठ नाहीत. एवढ्यावरच जर कुणी म्हणालं, ‘खाशाबा वाटतात’, तर पुढे जा. नाही म्हणालं तर कापडानं झटक आणि पुन्हा भर. विलोचा कोळसा कापडानं निघतो, म्हणूनच सुरुवात त्यानं करायची. दाबून बनवलेला काळाकुट्ट चारकोल एकदा लागला की सुटत नाही, तो अगदी शेवटी.

आता मला एक गोष्ट सांगायचीच आहे, कारण ती मी एका पैलवानाकडूनच शिकले.

नोकरीला लागून तीनेक वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. गावातल्या तालमीच्या वस्तादांचं व्यक्तिचित्र मी पेन्सिलीनं काढलं होतं, त्यांच्या सत्कारात भेट देण्यासाठी. आठ दिवस खपले होते. वस्तादांचे दोन्ही कान मोडलेले, गाठी आल्यासारखे. मला वाटलं, सत्काराचं चित्र आहे, छान दिसावं. मी त्यांना साधे, रेखीव कान काढले. कपाळावरची एक खोकही गाळली. वस्तादांनी चित्र दोन्ही हातांत धरलं, बराच वेळ पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, «बाई, तोंड माझंच हाय, पर कान कुणाचं?» मग त्यांनी माझं बोट धरून स्वतःच्या कानाला लावलं. कान हाडासारखा टणक होता. म्हणाले, ह्याला सतरा वर्षं लागली.

त्या रात्री मी ते कान पुन्हा काढले. तेव्हा कळलं, की कान असा का होतो हे समजल्याशिवाय तो काढताही येत नाही. समोरच्याचं डोकं, दंड, मांडी वर्षानुवर्षं कानावर घासते, रगडते. कानातली कूर्चा, म्हणजे आतलं लवचिक हाड, आणि तिच्यावरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचतं, ते वेळीच काढलं नाही की तिथंच घट्ट होतं. म्हणजे कानाच्या कडेची घडी बुजते, खोलगट भाग भरून येतो, आणि जिथे सावली असायला हवी तिथे उजेड पडतो. साध्या कानात तुला दोन-तीन सावल्यांच्या वळ्या मिळतील. मोडलेल्या कानात एक-दोन चकाकणारे उंचवटे आणि मध्ये चीर. नुसत्या रेषेनं तो जमत नाही, त्याला कोळसाच हवा.

पण आता दुसरी बाजू. तुझ्या फोटोत खाशाबांचा कान नीट दिसत नाही, मग पैलवान आहेत म्हणून तो आपल्या मनानं मोडू नकोस. जुन्या स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिलीनं हात मारून चेहरे गुळगुळीत करायची पद्धत होती, त्यामुळे फोटोवरही डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. जे दिसत नाही ते सावलीत सोडून दे. कोळशात तशी सोय आहे. खाशाबांचे आणखी फोटो मिळव, निरनिराळ्या बाजूंचे. त्यांचं गाव गोळेश्वर तुझ्या इतकं जवळ आहे. जुन्या लोकांना चित्र अर्धवट असतानाच दाखव, आणि ‘छान आहे’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘हे असं नव्हतं’ म्हणणाऱ्याजवळ जास्त वेळ बस. मान आणि खांदे मात्र तुझ्या तालमीतल्याच एखाद्या पोराला त्याच कोनात, खिडकीजवळ बसवून प्रत्यक्ष बघून काढ. वजनही सारखं बघ. हेलसिंकीला १९५२ साली खाशाबांनी कांस्यपदक घेतलं ते बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलोंच्या. हिंदकेसरीची छाती त्यांना लावलीस तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. लहान चणीच्या त्या माणसाला प्रवासाचे पैसे उभे करण्यासाठी दारोदार फिरावं लागलं होतं, आणि तरीही स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यांनीच आणलं. तालमीत येणाऱ्या बारीक पोरांना हे भिंतीवर बघून कळायला हवं.

इंदूरहून एक वाचक : स्मृती मानधनाचं चित्र काढलंय. चेहरा पेन्सिलीनं, हेल्मेट आणि जर्सी चारकोलनं. चेहरा वेगळ्याच कुणाचा कापून चिकटवल्यासारखा दिसतो. आणि पेन्सिलीवर चारकोल बसतच नाही, घसरतो.

घसरणारच. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट गुळगुळीत असतं. ८बी दाबून फिरवली की कागदाचा दाणा भरतो आणि वर एक चकाकी येते. तिच्यावर कोळशाच्या भुकटीला धरायला जागा राहत नाही. म्हणून क्रम उलटा करा. अंधाऱ्या जागा आधी कोळशानं, त्यानंतर पेन्सिल. सुरुवातीचं कच्चं रेखाटनसुद्धा एचबीनं दाबून करू नका, कोळशाच्या कांडीनंच हलकं करा.

कापून चिकटवल्यासारखं दिसण्याचं कारण तुमच्या हाताचं नाही, साहित्याचंच आहे. कोळसा उजेड पिऊन टाकतो, ग्रॅफाइट उजेड परत फेकतं. ट्यूबलाइटखाली चित्र थोडं तिरकं करून बघा, चेहऱ्यावरची गडद जागा करडी होऊन चमकेल आणि जर्सी काळीच राहील. दोन्ही एकत्र वापरायचं तर त्यांच्यात एक गल्ली हवी. माझी पद्धत अशी : चेहऱ्यावर पेन्सिल फक्त उजेडाच्या बाजूला, एच ते २बी पर्यंत, पातळ. चेहऱ्याच्या ज्या जागांना २बीपेक्षा गडद रंग हवा, म्हणजे नाकपुडी, ओठांमधली रेष, हेल्मेटखालची सावली, मानेची मागची बाजू, त्या सगळ्या चारकोल पेन्सिलीनं. मग हेल्मेटचा काळा रंग कपाळावरच्या सावलीतून चेहऱ्यात उतरतो आणि जोड दिसत नाही. तुमच्या चित्रात हेल्मेटच्या कडेची सावली कपाळावर पडलेलीच नाही, एवढी एक गोष्ट केलीत तरी निम्मं काम होईल.

कागद कार्ट्रिज, वजनाला २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला २०० ग्रॅम) आसपास, थोडा दाणेदार. बोटानं सारवू नका. बोटाला तेल असतं, त्याचे डाग नंतर कशानंच निघत नाहीत. जुन्या सुती बनियनचा धुतलेला तुकडा सगळ्यांत उत्तम.

डोंबिवलीहून एक वाचक, वय ७२ : १९७१ साली मी अठरा वर्षांची होते. वेस्ट इंडिजमधले सामने रेडिओवर आम्ही सगळे घरात बसून ऐकायचो. सुनील गावस्कर तेव्हापासून आमच्या घरातलाच. माझे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले, त्यांनाही त्याचं फार वेड. त्याचं एक चित्र काढून त्यांच्या टेबलावर ठेवावं असं मनात आहे. शाळेत चित्रकला बरी होती. पण आता हात कापतो. रेष सरळ येत नाही. नाद सोडून द्यावा का?

ताई, सोडू नका. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना कागद-कोळसा घेऊनच बसले, की तुमच्या जागी मी असते तर कसं केलं असतं.

पेन्सिल सोडून द्या, रेष सोडून द्या. तुमचं चित्र रेषेशिवाय होईल. आणि गावस्करच्या बाबतीत तर ते जास्त चांगलं होईल, कारण त्याच्या चेहऱ्यावर टोपीची सावली आहे. त्या काळातला तो आठवा. हेल्मेट नाही, पांढरी टोपी, समोर उभ्या आयुष्यात कुणी खेळू नये असे वेगवान गोलंदाज. पहिल्याच मालिकेत चार कसोटींत ७७४ धावा. भर दुपारचं ऊन, त्यामुळे टोपीच्या काठाची सावली कपाळावरून खाली येऊन डोळे झाकते आणि गालाच्या हाडावर संपते. डोळे जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणजे तुम्हाला डोळ्यांची नाजूक रेष काढायचीच नाहीये.

आता असं करा. कागद निदान वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढा घ्या, लहान नको. तो पाटीला चिकटवून पाटी खुर्चीच्या पाठीला टेकवून उभी ठेवा आणि समोर बसा. विलोचा कोळसा आडवा फिरवून संपूर्ण कागद भरून टाका आणि सुती कापडानं पुसा. सगळा कागद एकसारखा करडा होईल, पावसाळी आभाळासारखा. हीच तुमची मधली छटा. आता पेन्सिलीच्या जागी हातात घ्यायचा खोडरबर. कणकेसारखा मळता येतो तो करडा, दुकानात ‘नीडेबल इरेझर’ म्हणून मागा. त्यानं उजेड उचलायचा. पुसायचं नाही, टेकवून उचलायचं. आधी टोपीचा वरचा भाग, सगळ्यांत पांढरा. मग नाकाचा शेंडा, कारण तो सावलीतून बाहेर येऊन ऊन पकडतो. मग गालाचा खालचा भाग, हनुवटी, आणि सदऱ्याची कॉलर. हात कापला तर उजेडाची कड थोडी मऊ होईल. होऊ दे. उन्हातल्या चेहऱ्याची कड अशीच असते.

मग दाट कोळसा फक्त तीन ठिकाणी : टोपीच्या काठाखाली, कानामागच्या केसांत, हनुवटीखाली. हनुवटीखाली पूर्ण काळं करू नका बरं का. खालच्या पांढऱ्या सदऱ्यावरून उजेड वर उसळतो आणि जबड्याच्या खालच्या कडेला एक पुसट करडी पट्टी राहते. ती ठेवलीत की चेहरा गोल दिसतो.

हात मनगटातून चालवू नका, खांद्यातून चालवा. कंप असला तरी लांब फटकाऱ्यात तो मुरून जातो. सकाळी ज्या वेळी हात जरा स्थिर असतो तेवढीच वीस मिनिटं काम करा आणि उठा. गावस्करही पहिला तास गोलंदाजांना द्यायचा आणि बाकीचा दिवस स्वतःकडे ठेवायचा, हे तुम्हाला मी कशाला सांगू.

चित्र टेबलावर ठेवाल तेव्हा काचेच्या चौकटीत ठेवा, मात्र काच कागदाला टेकायला नको. मध्ये माउंटची जाड पट्टी घालून घ्या. आणि मला नक्की कळवा.

दहिवडीहून एक वाचक, वय १९ : मी स्वतः जिल्हा पातळीवर क्रॉसकंट्री धावले आहे. ललिता बाबर आमच्या माणची, मोहीची. तिचं चित्र काढतेय, शर्यत संपतानाचं. घाम काही केल्या जमत नाही. थेंब काढले की देवी आल्यासारख्या दिसतात.

तू धावलेली आहेस, त्यामुळे तुझ्याकडे असं काहीतरी आहे जे माझ्याकडेही नाही. शर्यतीच्या शेवटी मानेतली ती दोरी कशी ताणली जाते हे तुझ्या स्वतःच्या मानेला ठाऊक आहे. कानामागून निघून गळ्याच्या खळगीपर्यंत येणारा तो स्नायू, दोन्ही बाजूंचा. आरशासमोर उभी राहून जोरात श्वास ओढ आणि बघ, खळगी आत जाते, गळ्याच्या हाडांवरची कातडी ताणते. दमलेपण चेहऱ्यावर शोधण्याआधी तिथे शोध. तुझ्या चित्रात गळा अगदी शांत बसलाय.

आता घाम. ओली कातडी थेंबांनी दिसत नाही, चमकेनं दिसते. कोरड्या गालावर उजेडाकडून सावलीकडे जाताना छटा हळूहळू बदलते. ओल्या गालावर उजेड लहान होतो, पांढराफेक होतो, आणि त्याच्या अगदी शेजारी गडद छटा येते, मध्ये पायरीच नसते. तेव्हा कपाळाचा उंचवटा, नाकाचा दांडा, वरच्या ओठाची कड, गळ्याचं हाड अशा चार-पाच जागी खोडरबर चिमटीत टोकदार करून उजेड उचल आणि लगेच शेजारी चारकोल पेन्सिलीनं गडद कर. माणूस ओला दिसायला लागेल, एकही थेंब न काढता.

थेंब काढायचेच तर दोन, फार तर तीन. एक कानाजवळून ओघळणारा, एक हनुवटीवर लटकलेला. थेंब जवळून असा असतो : उजेड डावीकडून वरून येत असेल तर थेंबाची तीच वरची-डावी बाजू आतून गडद, तिच्यात सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका, आणि खालची-उजवी बाजू आतून उजळ, कारण उजेड थेंबातून पार होऊन तिथे गोळा होतो. त्याच्या बाहेर बारीकशी सावली. तू थेंबाभोवती पूर्ण गोल रेष काढलीस, म्हणून त्या पुळ्या दिसल्या. रेष नकोच. नळाखालून एक थेंब स्वतःच्या मनगटावर घे आणि खिडकीत बसून तो काढ, दहा वेळा. मग ललिताकडे जा.

केस ओले असतील तर ते एकत्र येऊन जाड बटा होतात, कपाळाला चिकटतात, बटांच्या मध्ये कातडी दिसते. उघड्या तोंडातले दात एकेक आखू नकोस, सगळे दात मिळून एक उजळ पट्टी; दातांमधल्या रेषा काढल्या की धावणारी बाई रागावलेली दिसते. आणि तिचे पाय? ललिताची शर्यत स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची : ३००० मीटरमध्ये २८ अडथळे आणि सात वेळा पाण्याची उडी. बूट, मोजे, चड्डीच्या कडा ओल्या आणि काळपट असतील, बनियनचा वरचा भाग तेवढा नसेल. रिओला २०१६ साली ललिता अंतिम फेरीत धावली, दहावी आली. माणसारख्या दुष्काळी तालुक्यातली मुलगी सात वेळा पाण्यात उतरून ऑलिंपिकची अंतिम फेरी पुरी करते. तुझ्या चित्रात तिचे पाय दिसत नाहीत, छातीपर्यंतच आहे. मोठा कागद घे. पाय दिसू देत.

पुण्याहून एक वाचक : खेळाडूंची चित्रं काढून विकतो, मागणी बरी आहे. मात्र फोटो वर्तमानपत्रांतले आणि वृत्तसंस्थांचे असतात. चालतं का?

सरावासाठी, घरच्या भिंतीसाठी कुणी अडवणार नाही. विकायला लागलात की गोष्ट बदलते. फोटोवर हक्क फोटो काढणाऱ्याचा किंवा त्याच्या संस्थेचा असतो, त्यातल्या खेळाडूचा नव्हे, आणि आपल्याकडच्या कायद्यात तो फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. तोच कोन, तीच सावली, तोच क्षण जसाच्या तसा उतरवून विकणं बरोबर नाही. भर उन्हात, मैदानाच्या कडेला, पोटावर पालथं पडून कुणीतरी तो क्षण टिपलेला असतो. परवानगी मागा, किंवा पाच-सहा फोटो समोर ठेवून, चेहरा समजून घेऊन, स्वतःचा कोन आणि स्वतःचा उजेड घेऊन काढा. त्याहून चांगलं म्हणजे पुण्यात राहताच आहात, तर स्थानिक सामन्यांना कागद घेऊन जाऊन बसा.

नाशिकहून एक पालक : मुलगा सातवीत आहे, यंदा एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला बसवलंय. पण वहीच्या मागच्या पानांवर सतत क्रिकेटवाले आणि कबड्डीवाले. परीक्षेचा सराव राहतो बाजूला. खेळाडूंची चित्रं म्हणजे काही कला नव्हे, असं त्याला समजावून सांगाल का? शिवाय ती चुकीचीही असतात. सोबत पाठवलेल्या पानावर बघा, बुमराहचा हात त्यानं उलट्या बाजूला वाकवलाय. साधं शरीरशास्त्र कळत नाही.

आधी परीक्षेचं. एलिमेंटरीत स्मरणचित्राचा पेपर असतोच, आणि त्यात माणसं काढावी लागतात, कामात गुंतलेली, हालचाल करणारी. एकतीस वर्षं मुलांना त्या परीक्षेला बसवलं. ज्यांच्या वहीच्या मागच्या पानांवर माणसं असायची, त्यांची स्मरणचित्रं मला कधी शिकवावी लागली नाहीत. संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन मात्र बसूनच करावं लागेल, तिथे पट्टी आणि कंपास घेऊन रोज अर्धा तास बसवा. तेवढं पुरे.

खेळाडूंचं चित्र ही कला नव्हे, असं मी त्याला सांगणार नाही. १९१२ ते १९४८ या काळात ऑलिंपिकमध्ये चित्रकलेला आणि शिल्पकलेलासुद्धा पदकं दिली जात, आणि चित्राचा विषय खेळाशी निगडित हवा अशी अटच होती. ती पदकं शेवटची दिली गेली लंडनला. त्याच लंडनच्या ऑलिंपिकमध्ये आपले खाशाबा पहिल्यांदा उतरले आणि सहावे आले.

आता त्या पानाबद्दल. मी ते भिंग घेऊन पाहिलं. चेहरा बुमराहसारखा नाही, पॅड गरज नसताना घातलेत, चेंडू फार मोठा. पण हात त्यानं चुकवलेला नाही. बुमराहचं कोपर खरोखरच सरळ रेषेच्या पलीकडे, मागच्या बाजूला जातं. चेंडू सोडताना थोडा वेळ ते उलटं वाकल्यासारखं दिसतं, आणि टीव्हीवर संथ गतीत दाखवतात तेव्हा अगदी स्पष्ट दिसतं. तुम्ही आणि मी कोपर कसं असतं हे माहीत आहे म्हणून तसं काढलं असतं. त्यानं पाहिलं तसं काढलं. वस्तादांचे कान मी ‘छान’ केले होते तेव्हा मी त्याच्या दुप्पट वयाची होते आणि माझ्याकडे डिप्लोमा होता.

शनिवारी त्याला कबड्डीच्या मैदानावर घेऊन जा. सोबत कोळशाची कांडी आणि रद्दी कागदांचा गठ्ठा. चढाई तीस सेकंदांची असते, एका चढाईत एक चित्र, एवढाच नियम. चेहरा काढायचा नाही. कंबर, गुडघे आणि पुढे गेलेला हात. खोडरबर घरी ठेवून जा. वीसातली अठरा चित्रं नुसत्या रेघोट्या होतील, तरी सगळी पाठवा मला.

आणि ते बुमराहचं पान वहीतून फाडू नका. मी परत पाठवतेय. त्याच्या कोपऱ्यात त्याला आजची तारीख घालायला सांगा.